क्रचेक यांच्या संगीताचा माग : प्राग ते दोमाझलित्से

यारोस्लाव क्रचेक या चेक संगीतकाराचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही, मात्र पाश्चात्त्य संगीताची आवड असलेल्या अनेकांच्या घरी त्यांचे काम नकळत पोहोचलेले असते. ब्रातिस्लाव्हाच्या कापेला इस्त्रोपोलिताना या वाद्यवृंदाने नॅक्सॉस या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलेल्या, बरोक काळातील इटालियन संगीतकार कोरेल्लीच्या कोंचेर्ती ग्रोस्सीचे (छोटा वादकगट आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्यातील संवादाच्या रचनांचे) संचालन त्यांचे आहे. ती ध्वनिमुद्रणे मी बरीच वर्षे ऐकत होतो. त्यांतल्या नृत्यांना इतकी सहज, पायाखालची जमीन ओळखणारी चाल कुठून आली असेल, हे मला तेव्हा कळत नव्हते. पुढे क्रचेक यांनी स्वतः उभ्या केलेल्या म्यूझिका बोहेमिका या संचाची गाणी कानावर पडली आणि उत्तराची दिशा सापडली. हा माणूस संगीतकार आहे, संचालक आहे, लोकवाद्ये स्वतःच्या हातांनी घडवणारा कारागीर आहे, आणि त्याच्या या साऱ्या कामाच्या मुळाशी बोहेमियाचे, म्हणजे चेक देशाच्या पश्चिम भागाचे, लोकसंगीत आहे. ते संगीत जिथे अजून वाजते आणि नाचले जाते, तो दक्षिण व पश्चिम बोहेमियाचा पट्टा ऑगस्टमध्ये पाहायचा असे ठरवले. माझी मोठी बहीण म्युनिकला असते आणि ती गाते, म्हणून तिलाही बरोबर घेतले.

बुधवार, प्राग

ताई म्युनिकहून रेल्वेने आली आणि मी मुंबईहून विमानाने. दुपारी आम्ही माला स्त्राना भागातल्या कार्मेलित्स्का रस्त्यावरील चेक संगीत संग्रहालयात शिरलो. ही इमारत मूळची मेरी मॅग्डालीनचे चर्च, त्यामुळे आत गेल्यावर उंच, उजळ मध्यदालनात पावलांचाही आवाज घुमतो. आलोइस हाबा यांच्या पाव-स्वरांच्या पियानोपाशी बहुतेक लोक थांबतात, आणि थांबावेच, कारण दोन लगतच्या स्वरांमधली जागा पट्ट्यांवर आणण्याचा तो प्रयत्न भारतीय कानांना विशेष जवळचा वाटतो. आमचा अधिक वेळ मात्र लोकवाद्यांपुढे गेला. बकऱ्याचे डोके कोरलेल्या बॅगपाइप म्हणजे दुदी, हाताने चाक फिरवून वाजवायची निन्येरा, ओबडधोबड लाकडाची व्हायोलिने अशी वाद्ये तिथे काचेमागे गप्प उभी आहेत. क्रचेक यांनी आयुष्यभर काय केले, हे समजून घ्यायला ही काच फार उपयोगी पडते.

एकोणिसाव्या शतकात स्मेताना आणि द्वोर्झाक या चेक संगीतकारांनी लोकनृत्यांना सिम्फनी वाद्यवृंदात मानाची जागा दिली. स्मेताना यांच्या १८६६ च्या ‘विकलेली वधू’ या ऑपेरात फुरियांत हे बदलत्या लयीचे लोकनृत्य आहे, द्वोर्झाक यांच्या १८७८ च्या स्लाव्हिक नृत्यांच्या पहिल्या मालिकेतही आहे. त्या थोर कामात गावाकडची लय सभागृहात आली, मात्र गावाकडची वाद्ये दाराबाहेर राहिली. क्रचेक यांनी १९६७ मध्ये नृत्यदिग्दर्शिका अलेना स्कालोव्हा यांच्यासह कोरेया बोहेमिका या नृत्य-संगीत संचात काम सुरू केले आणि त्यातूनच पुढे म्यूझिका बोहेमिका स्वतंत्रपणे उभी राहिली. या संचात व्हायोलिन, बासरी, चेलो यांच्या शेजारी दुदी आणि इतर जुनी वाद्ये बसतात, आणि जी मिळत नव्हती ती क्रचेक यांनी बनवून घेतली नाहीत, स्वतः बनवली. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे योगदान हेच आहे की त्यांनी लोकगीताची चाल उचलून तिला उंची कपडे चढवले नाहीत. तिचा मूळ आवाजच व्यासपीठावर आणला.

संग्रहालयासाठी निदान तीन तास हाताशी ठेवावेत आणि कोणत्या वारी ते बंद असते हे आधी पाहून घ्यावे. चेकमध्ये युरो नव्हे, कोरुना चालतो. स्टेशनजवळच्या चलन बदलून देणाऱ्या खिडक्या टाळून बँकेच्या एटीएममधून पैसे काढणे बरे.

गुरुवार, चेस्के बुद्येयोव्हित्से आणि होलाशोव्हित्से

प्रागहून दक्षिणेला सुमारे दोन तासांच्या प्रवासानंतर चेस्के बुद्येयोव्हित्से येते. क्रचेक यांचा जन्म १९३९ चा, या शहराला लागून असलेल्या च्तिर्झी द्वोरी गावातला. आज ते गाव शहराने पोटात घेतले आहे. ट्रॉलीबसने तिथे उतरल्यावर दिसतात त्या एकसारख्या काँक्रीटच्या इमारती, विद्यापीठाचा परिसर, सायकलवरून जाणारे विद्यार्थी आणि बागेत टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधणारे एक आजोबा. संगीतकाराची खूण सापडावी अशी आमची अपेक्षा नव्हती. हे पाहून एवढे मात्र ध्यानात आले की त्यांच्या लहानपणी ज्या भूप्रदेशात गाणी आपसूक कानावर पडत होती, तो त्यांच्या हयातीतच पार पालटला आहे. आपल्या डोळ्यांदेखत गाव शहर होताना पाहिलेला माणूस गाणी जपण्याची घाई का करतो, हे इथे उभे राहून पटते.

शहराचा मुख्य चौक, दुसऱ्या प्रझेमिस्ल ओताकारच्या नावाचा, अतिशय प्रशस्त आहे. चारही बाजूंना कमानींखालून सावलीतला रस्ता जातो आणि मध्यभागी सॅमसनचे कारंजे आहे. तिथल्या एका खाणावळीत कुलायदा हे सूप मिळाले. मशरूम, बटाटे, आंबट साय, भरपूर शेपू आणि वर सोडलेले एक अंडे, असा तो प्रकार असतो. शेपू नावडता असलेल्यांनीही हे सूप चाखून पाहावे असा माझा आग्रह राहील; ताई लहानपणापासून शेपूची भाजी ताटाबाहेर काढणारी, पण तिने दुसरा वाडगा मागवला. अंडेही न खाणाऱ्यांनी ते घालू नका असे आधीच सांगावे आणि सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेले नाही ना, हेही विचारावे.

दुपारच्या बसने होलाशोव्हित्से गाठले. हे खेडे १९९८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. मधोमध गवताचे मोठे पटांगण आणि तळे, आणि त्याभोवती एकमेकांकडे तोंड करून उभी असलेली शेतकऱ्यांची घरे. प्रत्येक घराचा दर्शनी त्रिकोणी भाग गिलाव्याच्या वळणावळणाच्या नक्षीने सजवलेला आहे. शहरातल्या बरोक वास्तूंची शैली गावच्या गवंड्यांनी आपल्या हातवळणीने उतरवली, तेव्हा हे घडले. क्रचेक यांच्या संगीतातही हाच व्यवहार दोन्ही दिशांनी चालतो, कारण कोरेल्ली वाजवणारा आणि दुदी वाजवणारा असे दोन वेगळे माणूस त्यांच्यात नाहीत.

या घरांचा इतिहास दुखरा आहे. होलाशोव्हित्सेत कित्येक शतके प्रामुख्याने जर्मन भाषिक शेतकरी राहत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना देश सोडावा लागला आणि घरे बराच काळ ओस पडली. तळ्याकाठच्या बाकावर भेटलेल्या एका वृद्ध बाईंशी ताई जर्मनमध्ये बोलली. त्यांची आई इथली, त्या स्वतः ऑस्ट्रियात वाढलेल्या. दर उन्हाळ्यात येऊन आईने सांगितलेले एक घर त्या बाहेरूनच पाहतात आणि परत जातात. ‘तिथे राहणारे लोक चांगले आहेत, खिडकीत फुले ठेवतात,’ एवढेच त्या म्हणाल्या. शनिवार-रविवारी इकडच्या बसगाड्या फार कमी असतात, तेव्हा कामाच्या दिवशीच यावे आणि परतीची वेळ आधी टिपून ठेवावी.

शुक्रवार, स्त्राकोनित्से

ओतावा आणि व्होलिन्का या नद्यांच्या संगमावरचे हे गाव चेक लोकांच्या मनात दुदीवादकांचे गाव आहे. योसेफ कायेतान तिल यांचे ‘स्त्राकोनित्सेचा दुदीवादक’ हे नाटक १८४७ चे, आणि त्यातला नायक, दुदीवादक श्वांदा, इथलाच. एक वर्षाआड ऑगस्टमध्ये इथे जगभरातले बॅगपाइपवादक जमतात. तो महोत्सव गाठायचा असेल तर सम वर्षात यावे. आमच्या भेटीत तो नव्हता, म्हणून किल्ला निवांत पाहता आला. तिथल्या संग्रहालयात वाद्यांबरोबरच या गावच्या कारखान्यांत बनलेल्या तुर्की फेज टोप्या आणि चेझेट मोटरसायकली आहेत. आपल्याकडच्या जुन्या पिढीला जावा मोटरसायकल आठवत असेल. चेझेट ही तिचीच भावंड.

इथे दुदीची रचना प्रथमच नीट पाहिली. स्कॉटिश बॅगपाइपमध्ये वादक तोंडाने हवा भरतो. बोहेमियन दुदीला तोंड लावायचे नसते. उजव्या कोपराखाली एक छोटा भाता पट्ट्याने बांधलेला असतो आणि कोपर खाली-वर करून तो चालवतात. डाव्या काखेतल्या कातडी पिशवीत हवा साठते. एका नळीवर बोटे फिरतात आणि तिच्या मुळाशी बकऱ्याचे कोरीव डोके असते. दुसरी लांब नळी खांद्यावरून पाठीवर जाते व अखंड एकच खर्जातला स्वर धरून राहते. दोन्ही नळ्यांच्या टोकांना वळलेले शिंग असते. तोंड मोकळे राहत असल्यामुळे वादक वाजवता वाजवता गाऊ शकतो, आणि इथली गाणी वाद्याच्या स्वरपंक्तीला इतकी चिकटून का चालतात याचे एक कारण हेच आहे. चेक देशाच्या पूर्वेकडील मोराव्हियातली गाणी गळ्यातून जन्मलेली, लांबलचक आणि मुक्त वाटतात. बोहेमियातली बोटांतून आणि पायांतून आलेली, चौकट पक्की असलेली. क्रचेक यांच्या रचनांमध्ये जी रेखीवता आहे, ती मला या नळीच्या मोजक्या छिद्रांपर्यंत मागे नेता येते.

शनिवार, दोमाझलित्से

प्लझेनमध्ये गाडी बदलून सकाळी दोमाझलित्सेला पोहोचलो. जर्मनीतील बव्हेरियाच्या सीमेलगतच्या या खोद प्रदेशातले लोक पूर्वी राजाच्या वतीने सरहद्दीची राखण करत आणि त्याबदल्यात त्यांना सनदा मिळालेल्या होत्या. त्या हक्कांसाठी लढलेल्या यान स्लाद्की कोझिना या शेतकऱ्याला १६९५ मध्ये प्लझेनमध्ये फाशी दिले गेले. राखणीच्या कुत्र्याचे मस्तक हे आजही त्यांचे मानचिन्ह आहे. दहा ऑगस्टच्या सेंट लॉरेन्सच्या सणाच्या आसपास इथे खोद उत्सव भरतो. त्यासाठी राहण्याची जागा काही महिने आधीच ठरवावी लागते. न मिळाल्यास प्लझेनमध्ये मुक्काम करून रोज ये-जा करणे सहज शक्य आहे.

लांबट, उतरता चौक, दोन्ही बाजूंना कमानी आणि चर्चचा किंचित कललेला गोल मनोरा, असे हे गाव आहे. बायकांचे लाल पायमोजे, दाट चुण्यांचे घागरे आणि भरतकामाचे रुमाल सर्वत्र दिसत होते. हे पोशाख केवळ मंचावरच्या कलाकारांचे नव्हते. बाबागाडी ढकलणाऱ्या तरुण आयांच्याही अंगावर ते होते.

एका अंगणात खोद कोलाच विकायला ठेवले होते. ताटाएवढा मोठा, चपटा, गोल. त्यावर ताजे पांढरे चीज, खसखस आणि आलुबुखाऱ्याचा घट्ट मुरंबा यांची वेलबुट्टी. विकणाऱ्या आजींनी तो कापण्यापूर्वी आम्हाला नक्षी नीट पाहू दिली. खसखशीचे सारण त्यांनी पहाटे दुधात शिजवले होते, त्यात लवंगेचा हलका वास होता. शाकाहारी माणसाची या प्रदेशात आबाळ होते, हे खरे आहे. कोलाच, बटाट्याचे ब्रामबोराक आणि फळे भरलेले क्नेदलिक यांवर दिवस मात्र उत्तम निघतो.

दुपारी यिंद्रझिख यिंद्रझिख यांच्या नावाच्या संग्रहालयात गेलो. शिक्षक, संगीतकार आणि संग्राहक असलेल्या या गृहस्थांनी (१८७६–१९६७) खोद प्रदेशातली गाणी गावोगाव फिरून टिपली. ज्या वर्षी ते गेले, त्याच वर्षी प्रागमध्ये क्रचेक आणि स्कालोव्हा यांचे काम सुरू झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध होता असे मी म्हणणार नाही. कागदावर टिपून ठेवलेले गाणे पुन्हा वाजवणारा कोणी भेटला नाही तर ते संग्रहातच राहते, हे मात्र त्या खोल्यांतून फिरताना सतत जाणवत होते.

चारच्या सुमारास आभाळ भरून आले आणि पाहता पाहता गारांचा पाऊस कोसळला. चौकातले सगळे लोक कमानींखाली धावले. मंचावरचा कार्यक्रम थांबला, संगीत मात्र थांबले नाही. आमच्या बाजूला एक दुदी, एक लहान क्लॅरिनेट आणि एक व्हायोलिन एवढाच संच अडकला होता. त्यांनी भिंतीला पाठ लावून वाजवायला सुरुवात केली. प्रथम वादकाने भाता चालवला, पाठीवरची नळी काही क्षण डगमगून एका स्वरावर स्थिरावली, मग बोटे हलली. क्लॅरिनेटने तीच चाल वरच्या सप्तकात भरभर अलंकार घेत धरली. अरुंद जागेत जोड्या नाचू लागल्या आणि मी टाळीने लय धरण्याचा प्रयत्न केला, तर ती दर काही क्षणांनी हातातून निसटू लागली.

तो मातेनिक होता. या नृत्यप्रकारात दोन मात्रांचे आणि तीन मात्रांचे खंड आलटून पालटून येतात. मी तबला शिकलेला असल्याने झपतालाची आठवण होणे साहजिक होते, कारण दोन-तीन-दोन-तीन हा हिशेब आपल्या हाडात मुरलेला असतो. इथे मात्र आवर्तन ठरलेले नाही. प्रत्येक गाण्याचा क्रम वेगळा. एकात तीनचे दोन खंड आणि मग दोनचे दोन, दुसऱ्यात आणखी निराळे. गाणे माहीत असेल त्यालाच नाचता येते. फुरियांत त्या मानाने शिस्तीचा : दोन, दोन, दोन, तीन, तीन, अशा बारा मात्रा. वादन थांबल्यावर क्लॅरिनेटवादकाने मला बोटांवर मोजून दाखवले. मी त्याला कमानीच्या दगडी खांबावर बोटांनी झपतालाचा ठेका वाजवून दाखवला, तेव्हा त्याने दुसऱ्याच आवर्तनात त्यावर एक चाल बसवली आणि व्हायोलिनवाला हसत हसत त्यात सामील झाला.

ताईने इथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. हीच बदलती लय तिने म्युनिकजवळच्या गावांतल्या जत्रांत त्स्वीफाखर या नावाने ऐकली आहे आणि तिथले लोक ती अस्सल बव्हेरियन मानतात. सीमेच्या दोन्ही बाजूंना पाय सारखेच पडतात. होलाशोव्हित्सेच्या त्या बाई मला तेव्हा आठवल्या. चेक लोकसंगीत म्हणताना आपण एखाद्या कुंपणाआडच्या वस्तूविषयी बोलत नसतो, ही समज आली की क्रचेक यांच्या संचात युरोपभरच्या जुन्या नृत्यसंगीताचा वास का येतो, हेही समजते.

क्रचेक यांचे काम मला या लयींमुळे अधिक उमगले. तंतुवाद्यवृंदासाठी त्यांनी लिहिलेली ‘जुन्या शैलीतील तीन नृत्ये’ ही रचना मी रात्री खोलीत पुन्हा ऐकली. पूर्वी मला तिच्यात केवळ गोडवा ऐकू येत असे. आता सगळे लक्ष खालच्या स्वरांकडे गेले. नर्तकाला पुढचे पाऊल टाकायला वेळ मिळेल एवढीच जागा वाद्ये सोडतात, आणि तिथून चाल पुढे ढकलली जाते. कोरेल्लीतली ती पायाखालची जमीन हीच.

रविवार, वेसेला होरा

गावाजवळच्या टेकडीवर सेंट लॉरेन्सचे छोटे देऊळ आहे आणि सणाच्या रविवारी लोक तिथे पायी जातात. आदल्या दिवशीच्या पावसाने वाट निसरडी झाली होती, हवा मात्र स्वच्छ होती आणि सीमेवरचे डोंगर निळे दिसत होते. मोकळ्या मैदानावर प्रार्थना झाली. लोकांच्या गाण्यामागे दुदीचा धरलेला स्वर ऐकताना जाणवले की हे वाद्य केवळ नाचाचे नाही. क्रचेक यांनी म्यूझिका बोहेमिकासाठी जुन्या ख्रिसमस गीतांवर केलेल्या कामात ही भक्तीची बाजू फार सुंदर उतरली आहे. दुपारी ताईने दोमाझलित्सेहूनच म्युनिकची गाडी पकडली. प्राग–म्युनिक गाड्या या स्टेशनवर थांबतात, हे जर्मनीतल्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सोमवार, प्लझेन

प्लझेनला बहुतेक प्रवासी बिअरच्या कारखान्यासाठी जातात. मी नाम्येस्ती मीरू या चौकातली रेडिओची इमारत बाहेरून पाहायला गेलो. प्राग कॉन्झर्व्हेटरीत मिलोस्लाव काबेलाच यांच्याकडे रचना शिकल्यानंतर क्रचेक यांनी साठच्या दशकात प्लझेन रेडिओवर संगीत निर्माता म्हणून नोकरी केली आणि नंतर ते सुप्राफोन या ध्वनिमुद्रण संस्थेत गेले. खोद प्रदेशातले वादक ध्वनिमुद्रणासाठी इथे येत असत, आणि त्याच काळात चुंबकीय फितीवर आवाज कापून-जोडून नवे संगीत घडवण्याचे प्रयोगही होऊ लागले होते. क्रचेक दोन्हींत रमले. बायबलमधील यरिहो नगरातल्या राहाब या स्त्रीवर आधारित त्यांच्या ‘राब’ या इलेक्ट्रॉनिक ऑपेराला १९७१ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले. बकऱ्याच्या डोक्याची दुदी आणि फितीवरचा ऑपेरा एकाच माणसाच्या हातून यावेत, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. मला ते स्वाभाविक वाटते. ज्याला आवाजाचा पोत महत्त्वाचा वाटतो, तो वाद्य घडवायलाही बसतो आणि फीतही कापतो.

ज्यांना या संगीताकडे वळायचे असेल त्यांनी म्यूझिका बोहेमिकाच्या ख्रिसमस गीतांपासून सुरुवात करावी, मग ‘तीन नृत्ये’ ऐकावीत आणि त्यानंतर कोरेल्लीकडे परत जावे. डिसेंबरमध्ये प्रागला जाणाऱ्यांनी अॅडव्हेंटच्या, म्हणजे ख्रिसमसपूर्वीच्या, आठवड्यांतील चर्चमधल्या कार्यक्रमांची यादी आधीच पाहून ठेवावी, कारण जुन्या गीतांचे कार्यक्रम तेव्हा भरपूर असतात. चर्चमध्ये कडाक्याची थंडी असते. जाड मोजे आणि अंगावर एक शाल असल्याशिवाय तिथे दोन तास बसणे कठीण जाते.